दुशान कॉन्स्टँटिनोपलला पोचला असता तर: पर्यायी इतिहास रचण्याची पद्धत

२० डिसेंबर १३५५ रोजी सर्बियाचा सम्राट स्टेफान दुशान वारला. वय साधारण सत्तेचाळीस. त्याचं राज्य तेव्हा उत्तरेला डॅन्यूबपासून दक्षिणेला कोरिंथच्या आखातापर्यंत पसरलेलं होतं. जेमतेम सोळा वर्षांत ते सरदारांनी वाटून घेतलं होतं, मरित्सा नदीकाठी ऑटोमन तुर्कांनी सर्बियन फौज कापून काढली होती आणि त्याच वर्षी, १३७१ मध्ये, दुशानचा एकुलता मुलगा उरोश निपुत्रिक मेला.

‘पानिपत जिंकलं असतं तर’, ‘थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर’ हे प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवरही रंगतात. सर्बियात तसाच जीव लावून विचारला जाणारा प्रश्न दुशानचा आहे: तो आणखी दहा वर्षं जगला असता तर? पर्यायी इतिहास लिहायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो. मीही केली होती. चाळीसेक पानं झाल्यावर माझा दुशान कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीच्या (आजच्या इस्तंबूलच्या) तटाखाली येऊन उभा राहिला आणि तिथून त्याला हलवता येईना. तीन बाजूंनी शहराला पाणी, आणि माझ्या सम्राटाकडे आरमार नाही. त्याला दहा काय, तीस वर्षं दिली असती तरी तो तिथेच उभा राहिला असता.

तेव्हापासून मी ज्या क्रमाने काम करतो तो इथे सांगतो. उदाहरण दुशानचंच घेतो, कारण त्याच्या गोष्टीत पर्यायी इतिहासाला लागणारं सगळं आहे.

पहिली पायरी: खरा इतिहास चार रकान्यांत मांडा

कल्पना नंतर. आधी एक मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, त्यावर चार उभे रकाने आखा: सर्बिया, कॉन्स्टँटिनोपल, व्हेनिस-जेनोआ, ऑटोमन. डाव्या कडेला १३३० ते १३७१ ही वर्षं. आता भरायला लागा.

सर्बियाचा रकाना लवकर भरतो. जुलै १३३० मध्ये वेल्बाझ्दच्या लढाईत बल्गेरियाचा त्सार मिखाईल शिशमान पडला. पुढच्याच वर्षी दुशानने वडिलांना, स्टेफान डेचान्स्कीला, पदच्युत करून राज्य घेतलं. १३३४ मध्ये ओह्रिद, प्रिलेप आणि आसपासची ठाणी आली. सप्टेंबर १३४५ मध्ये सेरेस पडलं. १६ एप्रिल १३४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, स्कोप्येला राज्याभिषेक झाला आणि तो ‘सर्ब व ग्रीकांचा सम्राट’ झाला. १३४८ मध्ये एपिरस आणि थेसली. २१ मे १३४९ ला कायद्याची संहिता, तिला १३५४ मध्ये पुरवणी.

ही नुसती जंत्री पाहिली तर वाटतं, माणूस वादळासारखा सुटला होता. आता शेजारचा रकाना भरा. जून १३४१ मध्ये बायझंटाइन सम्राट तिसरा आंद्रोनिकोस वारला, गादीवर नऊ वर्षांचा मुलगा, पाचवा जॉन, आला आणि राजमाता आना व सेनापती जॉन कांटाकुझेनोस यांच्यात १३४७ पर्यंत यादवी चालली; ती जिंकून कांटाकुझेनोस जॉनसोबत सम्राट झाला. १३४२ मध्ये हाच कांटाकुझेनोस पळून दुशानच्या आश्रयाला आला होता. म्हणजे दुशानच्या बहुतेक विजयांच्या वेळी समोरचं घर आतून पेटलेलं होतं. दोन रकाने शेजारी आले की विजयाचा अर्थच बदलतो. चार रकाने करायचे ते यासाठी.

माझ्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ १३५० सालची आहे, ती जरा जवळून पाहू. सर्बियाच्या रकान्यात: दुशान पश्चिमेला बोस्नियाच्या मोहिमेवर, नोव्हेंबरात दुब्रोव्हनिकला थाटामाटात भेट. कॉन्स्टँटिनोपलच्या रकान्यात: कांटाकुझेनोसने नेमकी हीच संधी साधून मॅसिडोनियातलं वेरिया आणि एडेसा परत घेतलं. व्हेनिसच्या रकान्यात: दुशानला व्हेनिसचं नागरिकत्व दिलं, पण कॉन्स्टँटिनोपलविरुद्ध त्याने मागितलेली आरमारी मदत सभ्य शब्दांत नाकारली, आणि त्याच वर्षी व्हेनिसचं जेनोआशी युद्ध पेटलं. ऑटोमनांच्या रकान्यात: त्यांचा प्रमुख ओर्हान. कांटाकुझेनोसची मुलगी थिओडोरा त्याची बायको, त्यामुळे सासऱ्याच्या हाकेला जावयाची फौज हजर.

एका ओळीत सगळा पेच उतरला आहे. अशी ओळ सापडेपर्यंत लिहायला घेऊ नका.

दुसरी पायरी: फाटा निवडा

मूळ इतिहासापासून तुमची गोष्ट जिथे वेगळी होते त्या जागेला मी फाटा म्हणतो. एसटीने जाताना फाट्यावर उतरतो ना, तसा. फाटा एकच हवा, लहान हवा, आणि त्या क्षणी जिवंत असलेल्या माणसाला सहज सुचेल असा हवा.

दुशानच्या गोष्टीत चार-पाच फाटे दिसतात. १३३० मध्ये वेल्बाझ्दला हार: मग दुशानच घडत नाही आणि ती गोष्ट बल्गेरियाची होते. १३४२ मध्ये आश्रयाला आलेल्या कांटाकुझेनोसला दुशानने कैदेत टाकलं: हा बरा आहे, पण मग यादवीच लवकर मिटते आणि सर्बियाला मिळालेली पोकळी नाहीशी होते. १३५५ मध्ये मृत्यू टळला: हा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत दुबळा. तोवर ऑटोमन युरोपच्या काठावरच्या गॅलिपोलीत बसले होते आणि व्हेनिस-जेनोआ युद्ध तहाने संपलं होतं. दुशान जगतो, पण त्याच्या आसपासची दारं बंद झालेली असतात.

मी निवडतो तो फाटा १३५१ च्या वसंतातला. जेनोआच्या व्यापाऱ्यांची वसाहत गलाता ही कॉन्स्टँटिनोपलच्या अगदी समोर, सुवर्णशृंग खाडीच्या पलीकडच्या काठावर होती, आणि तिथे जकातीचं उत्पन्न इतकं की समोरच्या राजधानीला ते खुपत असे. व्हेनिसला जेनोआविरुद्ध बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत जमिनीवरचा साथीदार हवा होता. प्रत्यक्षात व्हेनिसने १३५१ मध्ये कांटाकुझेनोसशी करार केला. माझ्या गोष्टीत तो करार फिसकटतो, आणि व्हेनिसचा वकील स्कोप्येची वाट धरतो.

एवढाच बदल. कुणी अमर होत नाही, कुणाला अचानक अक्कल येत नाही. तरी हा फाटा खोलवर जातो, कारण दुशानला आयुष्यभर नडलेली एकमेव गोष्ट त्याला मिळते: गॅली, म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं.

या अडचणीची मुळं जुनी आहेत, आणि ती कळली की फाट्यावरचा विश्वास वाढतो. चारशे वर्षांपूर्वी बल्गेरियाचा त्सार सिमेऑन याच भिंतीशी येऊन थांबला होता. ९१७ मध्ये त्याने बायझंटाइन फौज अकेलूसला धुळीला मिळवली, तरी शहर हाती लागेना. तेव्हा त्याने उत्तर आफ्रिकेतल्या फातिमी खलिफांकडे आरमारासाठी वकील पाठवले, आणि ते परतीच्या वाटेवर पकडले गेले. १२०४ मध्ये शहर पडलं ते व्हेनिसच्या जहाजांवरून आलेल्या क्रुसेडरांमुळे. घोडदळ कितीही असो, समुद्रावरून धान्य येत राहिलं तर ते शहर उपाशी मरत नाही.

तिसरी पायरी: पैसा, धान्य, वाट

फाटा ठरला की आधी हिशेब करा, प्रसंग नंतर लिहा.

पैसा: सर्बियाची ताकद चांदीत होती. नोवो ब्रदो, त्रेप्चा, रुदनिक या खाणींत सॅक्सन खाणकाम्यांनी कसब आणलं होतं आणि माल दुब्रोव्हनिक व कोतोरच्या व्यापाऱ्यांच्या हातून बाहेर जात असे. त्या चांदीवर दुशान जर्मन भाडोत्री शिपाई पोसत होता. त्यांच्या नायकाचं नाव पाल्मान. म्हणजे व्हेनिसला रोख मोजायची ऐपत त्याच्याकडे आहे. पण जहाजं बांधायची? कोतोर त्याच्या ताब्यात होतं, तिथे व्यापारी जहाजं होती, लढाऊ आरमार नव्हतं. दुब्रोव्हनिक १३५८ पर्यंत व्हेनिसच्याच आधिपत्याखाली होतं, त्यामुळे त्यांच्या गोदीतून व्हेनिसच्या मर्जीविरुद्ध काही बाहेर पडणार नाही. ‘दुशानने दोन वर्षांत स्वतःचं आरमार उभं केलं’ हे वाक्य कुणाच्या मसुद्यात दिसलं की मी तिथे पेन्सिलने गोल करतो. खलाशी, वल्हेकरी, दोर वळणारे, सुतार हे सगळं पिढ्यांचं काम आहे.

वाट: स्कोप्ये ते कॉन्स्टँटिनोपल साधारण ८०० किलोमीटर. गाड्या, बैल, घोडे घेऊन फौज दिवसाला वीस किलोमीटर चालली तरी चाळीस दिवस. एप्रिलअखेर निघाली तर जूनच्या सुरुवातीला तटाखाली. पीक उभं असतं तोवर घोड्यांना वैरण मिळते, ऑक्टोबरात पाऊस लागतो. तुमच्या हाती वेढ्याचे चार महिने आहेत, त्याहून जास्त नाहीत.

तट: थिओडोसियसच्या काळातला तिहेरी. १४५३ मध्ये ज्या मोठ्या तोफांनी तो फोडला त्या यायला अजून शंभर वर्षं आहेत. म्हणून शहर पडायचं तर उपासमारीने, किंवा आतून दार उघडल्याने. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. शहरात पोरसवदा सम्राट पाचव्या जॉनचा पक्ष होता आणि कांटाकुझेनोसबद्दल राग धुमसत होता. १३५४ च्या शेवटी खऱ्या इतिहासातही जॉन असाच आत शिरला आणि कांटाकुझेनोसला मठात जावं लागलं.

साथ: १३४७-४८ मध्ये ब्लॅक डेथ येऊन गेली आहे. ती टाळू नका, कमी करू नका. त्या काळात दुशान सम्राज्ञी येलेनासह एथॉस पर्वतावरच्या मठांत जाऊन राहिला होता. स्त्रियांना तिथे पाय ठेवायला मनाई, तरी ती गेली. इतक्या ताकदीच्या माणसाला रोगापासून तोंड लपवायला जागा शोधावी लागते, या एका प्रसंगातून तुमच्या कथेतला तो काळ जिवंत होतो.

चौथी पायरी: पहिलं वर्ष महिन्यांनी, पुढची वर्षं सावकाश मोठ्या पावलांनी

फाट्यानंतरचे बारा महिने महिन्यागणिक लिहा. नंतरची पाच वर्षं वर्षागणिक. त्यापुढे पिढीगणिक. कारण फाट्याजवळची माणसं तीच असतात, त्यांचे स्वभाव आपल्याला ठाऊक असतात. जसजसं दूर जाऊ तसतशी न जन्मलेली माणसं वाढतात. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा ऑटोमन सुलतान मेहमेद तुमच्या गोष्टीत तसाच जन्मेल हे धरून चालू नका.

इथे एक मासला देतो. माझ्या मसुद्यात आधी असं होतं: “व्हेनिसने दुशानशी युती केली आणि त्यामुळे पूर्व भूमध्य समुद्रातला सत्तेचा समतोल बदलला.” वाक्य खरं असेल, पण त्यात कुणी श्वास घेत नाही. ते खोडून मी हे लिहिलं:

“वकिलाने चांदीची लगड तळहातावर तोलली आणि परत मेजावर ठेवली. ‘किती गॅली?’ दुशानने विचारलं. ‘गलाता कुणाचं राहील त्यावर आहे, महाराज.’ लोगोथेतने मान खाली घातली. गलाता अजून आपलं नव्हतंच. पण जे आपलं नाही ते देऊन टाकणं सोपं, हे त्या खोलीत सगळ्यांनाच कळत होतं.”

युतीची किंमत, तिच्यातली खोच आणि पुढच्या भांडणाचं बी, तिन्ही इथे आले. लोगोथेत म्हणजे दरबारचा चिटणीस. हा शब्द तसाच ठेवला, कारण दुशानच्या दरबारात तोच होता.

पाचवी पायरी: बाकीचेही डोकं चालवतात

पर्यायी इतिहासातला सर्वांत मोठा दोष म्हणजे नायक हलतो आणि बाकीचे पुतळ्यासारखे उभे राहतात. प्रत्येक प्रकरणानंतर मी उरलेल्या तिन्ही रकान्यांतल्या माणसांच्या जागी बसतो.

कांटाकुझेनोस काय करेल? तो पराकोटीचा चिवट आहे. त्याने स्वतःच्या कारकिर्दीच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत आणि दुशानविषयी आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच त्याच्याच लेखणीतून येतं, हे वाचताना सतत ध्यानात ठेवा. तो जेनोआकडे वळेल, ओर्हानला आणखी फौज मागेल. ऑक्टोबर १३५२ मध्ये दिदिमोतिखोनजवळ असंच घडलं होतं: जॉनच्या मदतीला दुशानने पाठवलेलं सुमारे ४,००० घोडदळ ओर्हानचा मुलगा सुलेमान याच्या मोठ्या फौजेपुढे टिकलं नाही. तुमच्या गोष्टीतही ऑटोमन घोडेस्वार तितकेच तरबेज आहेत. फरक एवढाच की त्यांना दार्दनेल्स ओलांडून युरोपात यायला नावा लागतात, आणि आता त्या पाण्यात व्हेनिसच्या गॅली आहेत.

हंगेरीचा राजा लायोश उत्तरेकडून पाहतो आहे. दुशान दक्षिणेला गुंतला की तो डॅन्यूबकडे सरकणार. आणि व्हेनिस? व्हेनिसला कॉन्स्टँटिनोपलात दुबळा शेजारी परवडतो, बलवान नाही. जेनोआ हरली त्या दिवशी ही युती मोडायला लागते. हे मला सर्वांत खरं वाटतं, म्हणून माझ्या गोष्टीत दुशानला शहर मिळतं, पण बंदर मिळत नाही.

सहावी पायरी: घरातल्या भेगा

विजयाच्या प्रकरणात रमून झाल्यावर इथे वेळ द्या. साम्राज्य मोडलं ते आतून.

दुशानने जिंकलेले प्रांत नातेवाईक आणि सरदारांना दिले: एपिरस सावत्र भाऊ सिमेऑनला, थेसली सेनापती प्रेल्युबला. जमिनीचा महसूल लष्करी चाकरीच्या बदल्यात देण्याच्या पद्धतीला तिथे प्रोनिया म्हणत. मराठी वाचकाला ‘सरंजाम’ म्हटलं की क्षणात कळतं, आणि सरंजामी सरदार मध्यवर्ती सत्ता ढिली पडताच काय करतात हेही वेगळं सांगावं लागत नाही. शब्द मी एकदा प्रोनिया असा देतो आणि पुढे सरंजाम वापरतो.

धर्माची भेगही तेवढीच खोल. सम्राट व्हायचं तर अभिषेक करायला पेट्रिआर्क, म्हणजे चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू हवा, म्हणून १३४६ मध्ये पेचच्या आर्चबिशपला, योआनिकियेला, पेट्रिआर्क केलं गेलं. कॉन्स्टँटिनोपलच्या पेट्रिआर्कने पुढे सर्बियन चर्चला बहिष्कृत केलं, तो वाद १३७५ मध्ये मिटला. समजा दुशान शहरात शिरला. एका साम्राज्यात दोन पेट्रिआर्क. कोणता राहील? हा प्रश्न तुमच्या कादंबरीतल्या कुठल्याही लढाईपेक्षा अवघड आहे, आणि तो टाळणारा लेखक वाचकाला लगेच कळतो.

संहितेचा उपयोग इथे करा. तिच्यातल्या १७१ आणि १७२ या कलमांचा आशय असा की सम्राटाने रागाने, प्रेमाने वा मेहेरबानीने कायद्याविरुद्ध पत्र दिलं तर न्यायाधीशांनी ते मानू नये, आणि सम्राटाच्या धाकाने नव्हे तर कायद्याप्रमाणे निवाडा करावा. दुसऱ्या एका कलमात जमिनीशी बांधलेल्या कुळाला धन्यावर, अगदी सम्राटावरही, फिर्याद करायची मुभा आहे. चौदाव्या शतकात हे लिहिलं गेलं याचं मला आजही नवल वाटतं. आता कल्पना करा, हीच कलमं कॉन्स्टँटिनोपलात लागू होतात आणि एक ग्रीक कूळ सर्बियन सरंजामदाराविरुद्ध उभं राहतं. सगळं साम्राज्य एका निवाड्यात दाखवता येतं. मला तरी हे प्रकरण लिहिताना वेढ्यापेक्षा जास्त झोप उडाली.

उरोशलाही दुबळा म्हणून सोडून देऊ नका. बाप गेला तेव्हा तो एकोणीसच्या आसपास होता. त्याला जाणत्या बापाच्या हाताखाली दहा वर्षं मिळाली तर काय होईल, हा ‘दुशान जगला असता तर’ या प्रश्नाचा खरा उपयोग. तो मुख्य फाटा न करता आतला धागा करा.

नावं, तारखा, ताट

चटकन सांगण्यासारख्या काही गोष्टी. ग्रीक लोक स्वतःला रोमन म्हणवत, ‘बायझंटाइन’ हा नंतरच्या इतिहासकारांचा शब्द. निवेदनात चालेल, संवादात नको. स्लाव्ह पात्र कॉन्स्टँटिनोपलला ‘त्सारिग्राद’ म्हणेल. कोसोवो, मॅसिडोनिया, अल्बानिया यांच्या आजच्या सीमा मनातून पुसा. त्या भागात या नावांवरून माणसं अलीकडेपर्यंत मेली आहेत, तेव्हा एका राष्ट्राचा जयजयकार करणारी गोष्ट लिहू नका. दुशानच्या प्रजेत सर्ब, ग्रीक, अल्बानियन, व्लाख, बल्गार सगळे होते.

सर्बियन दस्तऐवजावर इसवी सन घालू नका. सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची वर्षं मोजत आणि वर्ष १ सप्टेंबरला बदले. संहितेवर ६८५७ हे साल आहे, म्हणजे १३४९. इसवी सनात जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८ मिळवा, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९. व्हेनिसचं वर्ष मात्र १ मार्चला सुरू होई. दोन दरबारांच्या पत्रांत एकाच फेब्रुवारीचं साल वेगळं दिसलं की जाणकार वाचक खूश होतो.

ताटात मका, टोमॅटो, बटाटा, मिरची नको. कोलंबसाला अजून दीडशे वर्षं आहेत. कॉफीही नको. ब्रेड, कांदा, चीज, मासे, मध, वाइन द्या.

कुठे थांबायचं

फाट्याने न बदलणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी भिंतीवर लावा. माझ्या यादीत सर्वांत वर भूकंप आहे. २ मार्च १३५४ च्या पहाटेआधी गॅलिपोलीचा तट भूकंपाने कोसळला, लोक थंडीपावसात घरं सोडून पळाले, आणि समोरच्या आशियाच्या काठावरून सुलेमान नावांत माणसं भरून आला व रिकाम्या शहरात ठाण मांडून बसला. युरोपातलं ऑटोमनांचं पाऊल तिथे पक्कं झालं.

तुमच्या गोष्टीतही तो भूकंप त्याच रात्री होणार आहे. माझी कथा मी तिथेच थांबवली आहे: तट पडलेला, पाऊस लागलेला, दार्दनेल्समध्ये व्हेनिसच्या तीन गॅली नांगर टाकून उभ्या, पलीकडच्या काठावर मशाली हलताहेत, आणि युतीच्या पैशांचा हप्ता स्कोप्येहून अजून पोचलेला नाही.